मामांकडे हिशेबाची वही कशी मागू?

या वेळचं पत्र कोल्हापुरातून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 38 वर्षांचे, शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून पत्राचा गाभा तेवढा देते.

‘ताई, सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझे सख्खे मामा वीसेक वर्षं सेक्रेटरी आहेत. निवृत्त शिक्षक, वय 71. हॉलचं भाडं, सणाच्या वर्गण्या, दफनभूमीच्या कुंपणासाठी जमलेले पैसे, सगळं त्यांच्या एका वहीत असतं. वार्षिक सभेत ते एकूण जमा आणि एकूण खर्च असे दोन आकडे वाचतात आणि बसतात. कुणी पुढं विचारलं तर “विश्वास नाही का माझ्यावर?” म्हणतात, मग सभा गप्प होते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नवीन आहेत, बदली होऊन आलेत. ते म्हणतात, प्रार्थना करू या. 2019 च्या पुरात आम्ही तरुण संघाच्या पोरांनी हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी स्वयंपाक चालवला. तेव्हापासून लोक मला म्हणतात, आता तुम्हीच पुढं या. दोन महिन्यांनी कमिटीची निवडणूक आहे. पोरांनी सात नावांचं पॅनेल तयार केलंय, व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, कुठलं घर आपलं आणि कुठलं मामांचं याची यादीसुद्धा झालीय. आई रडते. वडील गेले तेव्हा मामांनीच आम्हाला सांभाळलं, मला बोटाला धरून संडे स्कूलला तेच न्यायचे. बायको म्हणते, भांडत बसण्यापेक्षा तीसेक घरं आपल्याबरोबर यायला तयार आहेत, वेगळी उपासना सुरू करू. मला कळत नाही. ख्रिस्ती प्रीती म्हणजे गप्प बसणं का? मी उभा राहू का? की बाहेर पडू?’

प्रिय भाऊ, ख्रिस्तात सलाम.

तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या आईंचा विचार मनात आला. एका बाजूला पाठचा भाऊ, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि रविवारी दोघं एकाच छपराखाली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तुम्ही थांबलात आणि हे पत्र लिहिलंत, हे बरं केलंत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. नाही, प्रीती म्हणजे गप्प बसणं नाही. बायबलमधल्या 1 करिंथ या पत्राचा तेरावा अध्याय आपण लग्नात इतका ऐकतो की तो नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटायला लागतं. पौलानं तो लिहिला एका भांडणाऱ्या मंडळीला. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो की तुमच्यात कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी म्हणतो मी अपुल्लोचा, कुणी केफाचा. अकराव्या अध्यायात तक्रार अशी की प्रभुभोजनाला जमता तेव्हा एक जण भुकेला राहतो आणि दुसरा भरपेट जेवून मस्त होतो. अशा लोकांना तो प्रीतीबद्दल लिहितो, आणि त्यात स्पष्ट म्हणतो की प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, ती सत्याबरोबर आनंद मानते. म्हणून मंडळीत सत्य दडपून राखलेल्या शांततेला मी प्रीती म्हणणार नाही. तुमच्या वार्षिक सभेत जी शांतता पसरते ती भिडेची आहे. मामांना कुणाचं मन मोडायचं आहे असं नाही, आणि सभेतल्यांना काही विचारायचं नाही असंही नाही. सगळे एकमेकांची भीड धरून बसलेत.

आता पैशांचं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौलानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. ती न्यायची वेळ आली तेव्हा त्यानं काय केलं ते 2 करिंथच्या आठव्या अध्यायात आहे. आपला सहकारी तीत याच्याबरोबर त्यानं आणखी एक भाऊ दिला, ज्याला मंडळ्यांनी नेमलं होतं, आणि आणखीही एक दिला. कारणही लिहून ठेवलं: एवढी मोठी रक्कम आमच्या हाती असताना कुणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो, प्रभूच्या दृष्टीनं तर खरंच, पण माणसांच्याही दृष्टीनं जे बरं ते करायला बघतो. पौलावर लोकांचा विश्वास नव्हता का? जवळजवळ सगळ्या मंडळ्या त्यानंच उभ्या केल्या होत्या. तरीही त्यानं साक्षीला माणसं घेतली. मामांनी ‘विश्वास नाही का?’ विचारलं की हा अध्याय आठवा. हिशेब उघडा असला की ज्याच्या हातात पैसा आहे त्याचंच रक्षण होतं. 71 वर्षांच्या, आयुष्यभर शिक्षकी केलेल्या माणसाच्या पाठीमागे उद्या कुणी कुजबुज करू नये, यासाठी तर ती वही उघडायला हवी. माझा अंदाज असा की वहीत बहुतेक सगळं बरोबरच निघेल, पैन्‌पै जुळेल. पण अंदाजावर मंडळी चालत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मंडळीची मालमत्ता ज्या नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असेल त्याला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे दरवर्षी हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी 31 मार्चला वर्ष संपतं. हॉलचं भाडं हे त्या मालमत्तेचं उत्पन्न आहे. ते वहीत राहून चालणार नाही, बँकेत गेलं पाहिजे, पावती फाडली गेली पाहिजे. यात मामांचा अपमान कुठंच नाही.

मात्र मामांकडे जायच्या आधी तुम्हाला एक काम करावं लागेल, आणि ते टाळू नका. 2019 च्या त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती, हमरस्ता बंद पडला होता, आणि तुमच्या हॉलमध्ये चूल पेटत होती. लोकांनी तांदूळ दिला, डाळ दिली, गॅस सिलिंडर दिले, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी तुमच्यापैकी कुणाच्या तरी खात्यावर पैसे पाठवले असणार. त्याचा हिशेब तुम्ही मंडळीपुढं ठेवला होता का? पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं होतं, लिहायला कुणाला सवड होती, हे मी समजू शकते. तरीपण जे चिठोरे असतील, फोनमध्ये जे मेसेज आणि पैसे आल्याच्या नोंदी असतील, ते सगळं काढा. दोन-चार पोरं बसा, एक पान तयार करा. किती आलं, कशावर गेलं, काय उरलं, कुठली नोंद सापडत नाही, तेही लिहा. पाळकसाहेबांची सही घ्या आणि ते पान मंडळीच्या फलकावर लावा. नंतर मामांकडे जा.

जाताना एकटे जा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं क्रम घालून दिलाय: आधी तू आणि तो, दोघंच. तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. आधी ग्रुप निघाला, मग यादी झाली, मग आईच्या कानावर गेलं, आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांच्याशी समोरासमोर बोलणं अजून झालेलं नाही. रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाजवळ विषय काढू नका. चार लोकांत माणूस ताठतो. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा होऊ द्या, तब्येतीचं विचारा, आणि मग सरळ म्हणा, ‘मामा, पुरातला आमचा हिशेब आम्ही फलकावर लावला. हॉलचा हिशेबही तसाच लागावा असं मला वाटतं. तुमची वही मी तुमच्याशेजारी बसून कॉम्प्युटरवर उतरवून देतो. तुम्ही वाचा, मी टाइप करतो.’ या वाक्यात आरोप नाही आणि आडपडदाही नाही. पहिल्या दिवशी ते नाही म्हणतील. कदाचित रागावतील. ‘तुला मी वाढवला’ असंही म्हणतील. ते खरं आहे, म्हणून ते ऐकून घ्या आणि मान्य करा. आणि आठवड्यानं परत जा.

पॅनेलबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ते मोडा.

आपल्या जिल्ह्यात निवडणूक म्हटली की पॅनेल हे आपल्या रक्तातच आहे. दूध संघ, साखर कारखाना, बँक, पतसंस्था, ग्रामपंचायत, सगळीकडे गट, चिन्ह, घरटी मतांची गणती. सहकारात त्याला जागा आहे. तिथं सभासदाचा शेअर असतो, सत्ता कुणाच्या हातात हा तिथला खरा प्रश्न असतो. पण तुमच्या पोरांनी केलेल्या त्या यादीकडे पुन्हा बघा. ‘हे घर आपलं, ते घर मामांचं.’ निकालाच्या पुढच्याच रविवारी कदाचित प्रभुभोजन असेल. एकच भाकर मोडली जाईल, आणि ती घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल की आपण कुठल्या रकान्यात होतो. तुम्ही जिंकलात तरी ही यादी लोकांच्या मनातून पुसायला वर्षं जातील.

जब्दीच्या मुलांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, मार्कच्या दहाव्यात आहे. याकोब आणि योहान येऊन म्हणाले, तुझ्या वैभवात आम्हाला एक उजवीकडे, एक डावीकडे बसव. मत्तय सांगतो की त्यांची आईही बरोबर होती. घरचं माणूस पुढं करून पद मागायची रीत जुनीच आहे. यात मला नेहमी विचारात पाडतं ते बाकीच्या दहा जणांचं चिडणं. ते का चिडले? दोघांनी चुकीचं मागितलं म्हणून, की आपल्या आधी मागितलं म्हणून? पुढं लूक सांगतो की शेवटच्या भोजनाच्या वेळीही, तिथंच, आपल्यात मोठा कोण यावर वाद झाला. बाराही जण त्यात होते. तुमचं पॅनेल त्या दहा जणांसारखं होऊ नये एवढंच मला म्हणायचंय. मामा वीस वर्षं खुर्ची सोडत नाहीत म्हणून पोरांना राग आलाय, तो राग रास्त आहे. पण त्या रागात त्याच खुर्चीची ओढ किती आहे, हे प्रत्येकानं आपापल्याशी तपासायला हवं. तुम्हीसुद्धा.

प्रभूनं त्या रात्री काय केलं हे योहान सांगतो. तो भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. हे काम घरातल्या गुलामाचं. त्या बारा जणांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. तो बाहेर गेला ते पाय धुऊन झाल्यावर. पाय धुताना प्रभूनं बाजू पाहिली नाही. आपल्या मंडळ्यांत पवित्र गुरुवारी हा भाग वाचला जातो, काही ठिकाणी पाळक बारा जणांचे पाय धुतातही. पण त्याच अध्यायातली पुढची ओळ आपण घाईनं ओलांडतो. पाय धुऊन झाल्यावर त्यानं वस्त्रं घातली, परत आपल्या जागी बसला आणि म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तसा आहेच. त्यानं पुढारपण टाकून दिलं नाही. रुमाल बांधणारा आणि शिकवणारा, आज्ञा देणारा एकच होता. मला वाटतं ही ओळ तुमच्या पाळकसाहेबांना हळूच दाखवावी. प्रार्थना करू या म्हणणं योग्यच आहे, पण कमिटीच्या बैठकीचे अध्यक्ष या नात्यानं हिशेबाचा विषय त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतलाच पाहिजे. त्यांना नव्या ठिकाणी जुन्या माणसाला दुखवायचं नाही, हे उघड आहे. तुम्ही मामांशी आधी बोललात तर त्यांची ती अडचण बरीच हलकी होईल.

तुमच्या मामांनी रुमाल बांधला नाही असं मी म्हणू शकत नाही. तुमचं पत्रच साक्ष देतं. विधवा बहिणीचं घर सांभाळलं, भाच्याला बोटाला धरून नेलं. वीस वर्षांत या मंडळीत कुणाच्या मयताला रात्री सुताराला उठवून पेटी करून घेतली असेल, कुणाच्या बाळंतपणात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर रात्र काढली असेल, कुणाच्या पोराच्या दाखल्यासाठी चार हेलपाटे घातले असतील. हे सगळं सेक्रेटरीपदाच्या कामात कुठं लिहिलेलं नसतं, आणि खरं पुढारपण तेच असतं. म्हणून तुमच्या पोरांपुढं एक साधा प्रश्न ठेवा. रात्री दोन वाजता कुणाच्या घरी कुणी दगावलं तर मंडळीतली माणसं आज कुणाला फोन करतात? अजूनही मामांनाच करत असतील, तर निवडून येऊन तुमच्या हाती फक्त शिक्का येईल.

आता तुमच्या यादीचं काय करायचं ते सांगते. फाडू नका. दुसऱ्या कामाला लावा.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेच्या मंडळीत दोन प्रकारचे यहूदी होते, इब्री बोलणारे तिथलेच, आणि ग्रीक बोलणारे, बाहेरून आलेले. रोज अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना कुरकुरे म्हणून गप्प केलं नाही. विश्वास नाही का आमच्यावर, असंही म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातून नाव असलेले, आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेले सात जण निवडा, हे काम आम्ही त्यांच्यावर सोपवतो. मंडळीनं निवडलेले सात कोण? स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन आणि इतर. सातही नावं ग्रीक आहेत. त्यांतला निकलाव तर अंत्युखियाचा, जन्मानं यहूदीसुद्धा नाही. त्या काळी यरुशलेमेतल्या यहूद्यांतही ग्रीक नावं असत, तरी सातच्या सात तशी निघावीत यावरून बहुतेक अभ्यासक मानतात की ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच ही माणसं होती. मला हा भाग फार मोठा वाटतो. ज्यांचं ताट रिकामं राहत होतं त्यांच्याच हाती पळी दिली. बहुसंख्यांनी आपली चार आणि त्यांची तीन अशी वाटणीही केली नाही. आणि पुढच्याच ओळीत लूक लिहितो की देवाचं वचन पसरत गेलं.

तुमच्या मंडळीत आज कुणाचं ताट रिकामं आहे? मी कोल्हापूर ओळखते, म्हणून अंदाज करते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, कुठल्या तरी खेड्यातल्या मंडळीतून आलेली कुटुंबं, ज्यांचं सभासदत्व अजून इकडं आलेलं नाही. गुडघ्यांमुळे उपासनेला येणं बंद झालेल्या आजी, ज्यांच्या घरी सहा महिन्यांत घरप्रार्थना झालेली नाही. नवरा दारूत बुडालाय म्हणून मान खाली घालून मागच्या बाकावर बसणारी बाई. प्रत्येक सणाला दीडशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आणि कमिटीत एकही नाव नसलेल्या बायका. तुमच्या पॅनेलच्या सात नावांत बाई आहे का? पत्रात तुम्ही सगळीकडे ‘पोरं’ म्हणता, म्हणून विचारते. रोम येथील मंडळीला पौलाचं पत्र नेण्याचं काम, बहुतेकांच्या मते, किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीनं केलं, आणि पौल तिची शिफारस मंडळीची सेविका आणि अनेकांची साहाय्यकर्ती म्हणून करतो.

तेव्हा ‘आपलं’ आणि ‘मामांचं’ हे रकाने खोडून टाका आणि प्रत्येक घरापुढं लिहा: शेवटची भेट कधी, घरात कोण आजारी, कुणाला कशाची गरज. पुढच्या दोन महिन्यांत तुमच्या पोरांनी दोघं-दोघं मिळून ही घरं करावीत. मत मागायचं नाही, निवडणुकीचं नाव काढायचं नाही. मामांच्या रकान्यातली घरं आधी घ्या. त्यांतल्या दोन-चार घरांना मामांनाच बरोबर घेऊन गेलात तर फार बरं. घरं त्यांना माहीत आहेत, पायऱ्या चढायला हात तुमचा लागेल.

तुम्ही उभं राहावं का? राहा. पण एकटे उभे राहा, सदस्य म्हणून, आणि या खेपेला सेक्रेटरीपद मागू नका. लोकांनी दिलं तरी एक वर्ष थांबा म्हणून सांगा. वर्कशॉप चालवणारा माणूस सकाळी आठला शटर उघडतो आणि रात्री आठला ओढतो, हे मला ठाऊक आहे. आधी सदस्य म्हणून किती वेळ देता येतो ते बघा. निवडून आलात तर पहिला ठराव असा आणा की पैशांचं काम कुणाहीकडे सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहणार नाही, दर रविवारचं अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, बँकेत दोन सह्या लागतील आणि तिमाही हिशेब फलकावर लागेल. हा ठराव मामांना लागू होईल तसा उद्या तुम्हालाही होईल, हे सभेत तुम्हीच बोलून दाखवा. आज तुमच्यावर लोकांचं प्रेम आहे, वीस वर्षांपूर्वी मामांवरही असंच होतं. तुमच्या मुलांच्या पिढीला हाच प्रश्न तुमच्याबद्दल पडू नये याची तजवीज आत्ताच करता येते.

मामांचं पुढं काय, याचा विचार तुमच्या पॅनेलनं केलेला दिसत नाही, आणि मला वाटतं सगळी गाठ तिथंच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर या माणसाची ओळख ‘मंडळीचे सेक्रेटरी’ एवढीच उरली असेल. ती काढून घेतली तर सोमवारी सकाळी त्यांनी काय करायचं? मोशेनं यहोशवावर हात ठेवला तो जिवंतपणी, सगळ्या मंडळीसमोर, याजकासमोर. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात ते आहे. उतरणाऱ्याला मानानं उतरता यावं आणि चढणाऱ्याला सर्वांसमोर जबाबदारी मिळावी, अशी ती पद्धत होती. तुमच्या मंडळीतही तसं करता येईल. मामांनी स्वतः वही नव्या खजिनदाराच्या हाती द्यावी, पाळकसाहेबांनी दोघांसाठी प्रार्थना करावी, मंडळीनं वीस वर्षांच्या सेवेचे आभार उभं राहून मानावेत. आणि त्यांना खरं काम द्या. जुनी बाप्तिस्म्याची, विवाहाची, दफनाची रजिस्टरं कशा अवस्थेत आहेत? त्यांतली शाई उडण्याआधी ती नीट उतरवून घ्यायला वळणदार अक्षराचा, जुनी नावं-घराणी माहीत असलेला माणूस लागतो. उद्या कुणाला दाखला लागला, दफनभूमीत कुणाची जागा कुठली असा प्रश्न आला, की याच रजिस्टरवर सगळं अवलंबून असतं. हे काम त्यांच्याशिवाय होणार नाही.

बाहेर पडण्याबद्दल. तुमच्या पत्नींना भांडण नको आहे, हे मी समजते, आणि त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर हेच म्हणाली असती. पण ती तीस घरं कोणती हे बघा. स्कूटर, चारचाकी असलेली, कमावती, चाळिशीच्या आतली. ती राजारामपुरीत किंवा कळंब्याला एखादा हॉल भाड्यानं घेतील, गिटार येईल, छान उपासना होईल. मागं राहतील त्या आजी, ती मान खाली घातलेली बाई आणि मामा. आपल्या भागात मंडळ्या फुटल्या की मागून मालमत्तेचे दावे येतात आणि पोरं मोठी होईपर्यंत तारखा चालतात, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलं असेल.

या शहरातल्या मंडळीची सुरुवातही काही गोडीगुलाबीत झालेली नाही. रेव्ह. रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. ज्या मिशननं त्यांना पाठवलं होतं तिच्याशी पुढं त्यांचे मतभेद झाले, आणि काही वर्षं त्यांनी मिशनच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर इथलं काम चालू ठेवलं. नंतर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं ते हाती घेतलं. त्या वादात कोण बरोबर होतं हे आज वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाणाऱ्या कुणालाही सांगता येणार नाही. त्यांनी शाळा काढल्या हे मात्र लोक सांगतात. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली हॉस्पिटल उभं केलं, आणि बाहेरून डॉक्टर येण्याची वाट बघत न बसता इथल्याच मुलामुलींना दवाखान्याचं काम शिकवायला घेतलं. ते 1928 मध्ये भारतातून गेले तेव्हा मागं काम करणारी माणसं तयार होती. मला वाटतं तुमच्या मामांकडून राहून गेलं ते हे. त्यांनी स्वतः पुष्कळ केलं, हाताखाली कुणी तयार केलं नाही. तुम्हीही येत्या वर्षात एक-दोन जणांना, त्यांत एखादी मुलगी असावी, हिशेब ठेवायला, बैठकीचं इतिवृत्त लिहायला शिकवा.

आणि मामांनी शेवटपर्यंत वही दिलीच नाही तर? तर थांबू नका. दुसऱ्या खेपेला मंडळीतल्या दोन वयस्कर, दोन्हीकडच्यांना मान्य असलेल्या माणसांना बरोबर न्या. त्यांतला एक मामांचा जुना सोबती असू द्या. तेही जमलं नाही तर पाळकसाहेबांना लेखी पत्र द्या, त्यावर तुमच्या एकट्याची सही असू दे, पोरांच्या सह्यांची मोहीम काढू नका, आणि त्या पत्राची एक प्रत मामांना स्वतःच्या हातानं नेऊन द्या. पाठीमागून काही करू नका. पाळकसाहेबांनी महिनाभरात विषय घेतला नाही तर वरच्या कौन्सिलकडे किंवा बिशपांच्या कार्यालयाकडे, तुमच्या मंडळीची घटना सांगेल तिकडे, तेच पत्र पाठवा. त्या काळातही आईला भेटायला मामा आले तर ताट नेहमीसारखंच वाढा, आणि रविवारी त्यांना घ्यायला गाडी घेऊन जात असाल तर जात राहा.

पुरातल्या हिशेबाचं पान या आठवड्यात काढायला घ्या.

तुमची ताई